निपाणीच्या अंधाऱ्या खोलीत कॅमेरा फोकस घेईना

आणि वर मलाच म्हणतो, "आक्का, तुला फोटो काढायला येत न्हाय." एकट्यात म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. पण नवीन घराच्या हॉलमध्ये, पंधरा-वीस पाहुणे चहाचे कप धरून उभे असताना म्हणाला. हा माझा धाकटा भाऊ सुधाकर. बँकेत साहेब आहे. बेळगावजवळ पिरनवाडीला घर बांधलंय, चांगलं बांधलंय, मी कौतुकच करते. पण मी नेलेला आईचा फोटो त्यानं खिडकीच्या उजेडाकडं धरून असा बघितला, जणू काउंटरवर आलेली नोट खरी की खोटी बघतोय. म्हणाला, "धूसर आलाय गं. मोठा केला तर कोण बसलंय तेच कळणार न्हाय. भिंतीवर लावायचा म्हणजे स्वच्छ पाहिजे."

तो फोटो मी माझ्या साध्या फोनवर काढलेला, आई जायच्या आदल्या वर्षी, निपाणीत. आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलीय. धूसर आहे, मान्य. पण त्याच्या भिंतीवर जो लागलाय तो काय आहे? स्टुडिओवाल्यानं आईचं बिडी कामगार कार्डावरचं तोंड कापून दुसऱ्याच कुणाच्या जांभळ्या शालूवर बसवलंय. गळ्यात चपलाहार. आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्याशिवाय मी काही बघितलेलं नाही. बुद्धाच्या तसबिरीखाली आता ही अनोळखी बाई बसलीय आणि येणारा जाणारा तिला हार घालतोय.

मी विचारलं, "सुध्या, खरं सांग. धूसर म्हणून नको, का बिडी आहे म्हणून नको?"

पाहुणे कपात बघायला लागले. त्याचे कान लाल झाले. मग जोरात म्हणाला, "तसं काय न्हाय आक्का. त्याच खोलीतला स्वच्छ फोटो आण. आई तर आता न्हाय, मावशी तिथंच बसती, मावशीचा आण. आणशील त्या दिवशी हा काढतो आणि तो लावतो." सगळ्यांसमोर बोलला.

बोलला, कारण त्याला ती खोली माहीत आहे. त्या खोलीत आजवर कुणाचाच फोटो धड आलेला नाही. लग्नाचा फोटोग्राफरसुद्धा अंगणात या म्हणायचा.

माझं शिक्षण चौथी. हा ब्लॉग लेकीनं काढून दिलाय. मी फोनमध्ये बोलते, तो लिहितो, चुका लेक काढते. एका दिवसात कुठं जाऊन येता येईल म्हणून बायका विचारतात, त्यांच्यासाठी लिहिते. ह्या वेळी देऊळ नाही की धबधबा नाही. एक खोली आहे. आणि ज्यांना घरातल्या अंधारात म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायचेत त्यांनी नीट वाचा. मी आख्खी सकाळ घालवून शिकलेय.

घाई का, ते सांगते. सोनामावशी म्हणजे आईची पाठची बहीण. आईबरोबर चाळीस वर्षं त्याच भाड्याच्या खोलीत बिड्या वळल्या. आता घरमालक ती खोली पाडून दुकानगाळे काढणार. मावशीचा मुलगा येत्या शुक्रवारी सकाळी तिला बेंगळूरला घेऊन जाणार. म्हणजे माझ्या हातात एकच रविवार होता, कालचा.

कॅमेरा माझी लेक रेश्माचा. शिक्षिका आहे, एका मैत्रिणीकडून जुना घेतलाय. शनिवारी खासबागच्या आमच्या घरात तिनं मला शिकवलं. बटण अर्धं दाबायचं, पूर्ण नाही. अर्धं दाबलं की काचेच्या आत चौकोन दिसतो, हिरवा झाला की टीं वाजतं, मग पूर्ण दाबायचं. लाल राहिला तर फोटो धूसर. मी लोणच्याच्या बरणीचे अकरा फोटो काढले, अकराही स्वच्छ. मनात म्हटलं, एवढंच होय.

रेश्मा म्हणाली, "आई, इथं ट्यूबलाइट आहे. तिथं काय आहे?"

म्हटलं, "तिथं मावशी आहे."

बेळगावच्या मोठ्या स्टँडवरून निपाणीकडं, कोल्हापूरकडं जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून आहेत. आपल्या राज्याची लाल गाडी धरलीत तर बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड मात्र हातात ठेवा. कंडक्टर "आधार तोरसरी अक्का", म्हणजे आधार दाखवा, म्हणत येतो आणि मी पिशवीच्या तळातून कार्ड काढेपर्यंत दुसऱ्या बाजूला जातो, परत येतो, परत तेच. पलीकडच्या राज्याच्या गाडीत बसलात तर पैसे मोजा, फरक एवढाच. डावीकडची खिडकी घ्या, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. मी साडेसहाची धरली.

काकती गेलं की डोंगर जवळ येतो, घाटात गाडी वळणं घेते. ज्यांना उलटीचा त्रास आहे त्यांनी पुढं बसावं. त्यानंतर रस्ता सरळ आहे. आम्ही लहानपणी ह्याच रस्त्यानं यायचो तेव्हा दोन्ही बाजूला झाडं होती आणि एस्टी त्यांच्या खालून बोगद्यातून गेल्यासारखी जायची. आता सहा पदरी झालाय. झाडं गेली, वेळ वाचला. काय वाईट, काय बरं, तुम्ही ठरवा. मला झाडं पाहिजे होती.

माझ्या शेजारी संकेश्वरला उतरणारे एक आप्पा बसले होते. मांडीवर मिरच्यांचं रिकामं पोतं, घडी घालून. माझ्या गळ्यातला कॅमेरा दोनदा वाकून बघितला, मग राहवलं नाही.

"पेपरातल्या काय हो बाई?"

"न्हाय. बिडीवाली."

"मग ह्ये कशाला?"

"मावशीचा फोटो काढाय चाललोय."

"मावशी काय पळून चालली काय?"

"शुक्रवारी बेंगळूरला."

"मग पळालीच म्हणा की," असं म्हणून ते संकेश्वरपर्यंत हसत होते. उतरताना मात्र म्हणाले, "माझ्या म्हातारीचा एक बी न्हाय बघा. काढतो काढतो म्हणत ऱ्हायलं." आणि पोतं काखेत मारून गेले.

संकेश्वरनंतर तवंदीचा घाट. तो उतरला की मला डोळे मिटूनही कळायचं की निपाणी आली. तंबाखूचा वास. शाळेच्या दप्तराला, आईच्या पदराला, भाकरीलासुद्धा तो वास असायचा. काल खिडकी उघडी ठेवून बसले, तर आधी डिझेलचा आला, मग भज्यांचा, आणि स्टँडात शिरताना कुठं जराशी तंबाखू आली. कमी झालीय. वखारी होत्या तिथं कापडाची दुकानं झाली.

पोचायला पावणेदोन तास लागले. स्टँडच्या बाहेर मिसळ खाल्ली, साठ रुपये, पाव जादाचा. तिखट आहे, कट जपून मागा. तिथून मावशीची गल्ली चालत दहा मिनिटं. रिक्षा करू नका, गल्लीत शिरत नाही.

मावशी दारात उभी होती. डोळ्यावर काळा चष्मा. महिन्यामागं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

"जयभीम मावशी."

"जयभीम. एकटीच आलीस? साहेब न्हाय आला?"

"त्याला बँक हाय."

"रविवारी?"

मी चपला काढायच्या निमित्तानं खाली बघितलं.

खोली बारा बाय दहाची. वर मंगलोरी कौलं, त्यात एक काचेचं. खिडकी एकच, तीपण गल्लीकडची, पोतं लावून बंद. दार आत जाताच मावशीनं लोटून घेतलं. मला क्षणभर काही दिसेना. मग हळूहळू भिंतीजवळचा पानांचा डबा दिसला, ओल्या फडक्यात बांधलेली पानं, पत्र्याचा साचा, कात्री, सूप. मावशी तिच्या जागेवर, उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून बसली आणि सूप मांडीवर घेतलं.

"डॉक्टरनं धुळीत बसू नको सांगितलंय न्हवं?"

"डोळ्याला बसू नको सांगितलंय. हाताला कुठं सांगितलंय?" म्हणाली. "शेवटची पानं हायत. भिजवून ठेवलीती. टाकू व्हय?"

मी कॅमेरा काढला. अर्धं बटण दाबलं. पुढचं भिंग गर्र करून बाहेर आलं, गर्र करून आत गेलं, परत बाहेर. चौकोन लाल. कॅमेऱ्यानं आपला नारिंगी दिवा लावला आणि तो बरोबर मावशीच्या चष्म्यावर पडला. तिनं हात आडवा धरला. दिवा बंद केला. फ्लॅश तर लावायचाच नव्हता, डोळे नुकते उघडलेत तिचे. मग नुसताच गर्र गर्र. चिमणी जाळीत अडकल्यासारखं.

"त्याचं पोट दुखतंय काय?" मावशी म्हणाली.

मी रेश्माला फोन लावला. ती म्हणाली, "आई, त्याला फरक लागतो. काळ्याच्या शेजारी पांढरं, नाहीतर एखादी ठळक कड. सगळं एका रंगाचं असलं तर तो शोधत बसतो. आणि उजेड वाढव."

सगळं एका रंगाचं. बरोबर होतं. तपकिरी भिंत, तपकिरी पान, तपकिरी तंबाखू, आणि मावशीचे हात. त्या खोलीत दुसरा रंगच नाही.

उजेड वाढव म्हणाली, म्हणून मी उठले आणि दार सताड उघडलं.

आता वाचणाऱ्यांत कुणी बिडी वळलेली असेल तर तिनं इथंच कपाळावर हात मारला असेल. गल्लीतून वारं आलं, सुपातली तंबाखू उडाली, मावशीच्या चष्म्याच्या फटीतून डोळ्यात. ती खोकायला लागली. कापून ठेवलेली पानं फरशीवर पसरली. मी दार लावलं, पाणी आणलं, पदर ओला करून तिचे डोळे टिपले.

"अगं, दार उघडतंय व्हय कोण?" ती खोकत खोकत म्हणाली. "पान वाळलं की तडकतंय. नऊ वर्षं वळलीस की तू हितं."

आठव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत मी त्या खोलीत बसले. दार बंद का, हे मला कधी सांगावं लागलं नव्हतं. उन्हाळ्यात सहा बायका घामानं निथळायच्या आणि दाराची फट दिसली तर आईच मला दटावायची. आणि मी, भावाला सगळ्या पाहुण्यांसमोर विचारणारी की तू विसरलास काय, मी जाऊन दार उघडलं. मावशीचे डोळे टिपताना मला माझीच लाज वाटत होती. ते तिला सांगितलं नाही. इथं लिहिते.

ती बरी झाली आणि चहा ठेवला. चहा पिता पिता दुसरा प्रयत्न केला, दिवा लावून. चाळीसचा बल्ब आहे, मावशीच्या डोक्यामागं. फोटो आला, टीं वाजलं, मी खूश झाले. बघते तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा आकडा न आकडा स्वच्छ आणि पुढं मावशी धुक्यात. पांढऱ्यावर काळे आकडे, कॅमेऱ्यानं तेच पकडलं. मावशीनं फोटो बघितला.

"तारीख तरी कळली," म्हणाली.

कॅलेंडर उतरवून ठेवलं. दिवा बंद केला, तो मागून येत होता आणि मावशीचं तोंड आणखीनच काळं पडत होतं. असं करता करता साडेदहा वाजले. आणि तेव्हा काचेच्या कौलातून ऊन खाली आलं.

ह्याची मी वाट बघितली नव्हती, मी ते विसरलेच होते. हाताच्या पंजाएवढा उन्हाचा तुकडा दक्षिणेच्या भिंतीजवळ फरशीवर पडला, आणि त्यात धूळ फिरायला लागली. ती सुधाकरची जागा.

सुधाकर शाळेला जायला लागला तेव्हा आईनं ठरवलं की दिव्याचं तेल आणि पुढं लाइटबिल दोन्ही परवडत नाही, सुट्टीच्या दिवशी पोरानं कौलाखाली अभ्यास करायचा. पुस्तक उन्हात धरायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ऊन सरकलं की तो सरकायचा. तो सरकला की बायका सूप उचलून सरकायच्या, कारण पानाला ऊन लागता कामा नये. साडेदहा ते दोन, पश्चिमेकडून पूर्वेकडं असं सगळं घर त्या तुकड्याभोवती फिरायचं. तो वाचत असला की बोलायचं नाही, हा आईचा नियम. फक्त कात्र्या चालायच्या. इतिहास, भूगोल, दहावीचं विज्ञान. मी चौथीतून शाळा सोडली, पण दहावीपर्यंतचं सगळं मी कानानं शिकले, पानं कापता कापता. परीक्षेच्या वेळी तो अडखळला तर आम्ही पुढचं सांगायचो. सोनामावशी तर एकदा पावसाळी वाऱ्यांचं सगळं उत्तर म्हणून दाखवून परत बिडी वळायला लागली, मान वर न करता.

मावशीला म्हटलं, "तू तिथं बस की, उन्हात. पाच मिनिटं. फोटो लगेच येईल."

"तिथं कशी बसू? ती सुधाकरची जागा हाय."

"मावशी, सुधाकर आता पन्नाशीला आला."

"म्हणून काय झालं? आणि पान वाळंल." आणि ती तिथंच बसून राहिली, अंधारात, जिथं ती चाळीस वर्षं बसली.

मग तिनंच विचारलं, "त्या यंत्राला नेमकं काय दिसाय पाहिजे?"

"काळ्याशेजारी पांढरं. आणि उजेड."

"उजेड हवा तर उजेड आण की हिकडं. मला कशाला हलवतीस?" तिनं मानेनं मांडणीवरच्या स्टीलच्या ताटाकडं दाखवलं. "आक्का चाळणीतली तंबाखू बघाय असंच करायची." आक्का म्हणजे माझी आई.

मी ताट घेतलं. सुधाकरच्या जागेवर, उन्हाच्या तुकड्यात ठेवलं, खाली कात्रीचं एक पातं सरकवून जरा तिरकं केलं. उजेड छताला गेला, भिंतीवर उतरला, हलवत हलवत मावशीच्या मांडीवर आणला. तिचे हात दिसले. मला वाटतं मी ते पहिल्यांदाच बघितले. अंगठ्याचं नख अर्धं झिजलेलं, तर्जनीच्या टोकाला पिवळा डाग, आणि चिरा, नांगरलेल्या जमिनीसारख्या. डोळ्यावर उजेड जात नव्हता, चष्म्याच्या खालीच राहिला.

आता पांढरं. मावशीनं आधी वळून ठेवलेल्यांतल्या पंचवीस बिड्या जुळवल्या, कट्टा बांधायला पांढऱ्या दोऱ्याची रीळ घेतली, आणि दोऱ्याचं एक टोक दातात धरलं. आमच्या घरात असंच बांधायचे. एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात, कट्टा डाव्या. कारखान्याचा माणूस ओरडायचा की दोरा ओला होतो, असले कट्टे छाट म्हणून बाजूला काढीन. तो गेला की आई परत दातात धरायची. गाठ घट्ट बसते.

दात आणि हात, मध्ये ताणलेला पांढरा दोरा. तोंड आणि हात कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर आले. मी चौकोन दोऱ्यावर ठेवला. अर्धं बटण. गर्र झालं, एकदाच. हिरवा. टीं.

रेश्मानं फोनवर पुढचं सांगितलं होतं ते आठवलं. भिंगाच्या बाजूला एक खटका असतो, फोकस जमला की तो खाली ओढायचा, म्हणजे कॅमेरा परत शोधायला जात नाही. त्यानंतर माणसानंही हलायचं नाही आणि आपणही नाही. मावशीचं सोपं होतं, बिडीवाली बसली की बोटांशिवाय काही हलत नाही. हातात धरून जमेना, म्हणून कॅमेरा पानांच्या डब्यावर ठेवला, घडी केलेलं फडकं खाली घालून. उजेड कमी असला की कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, तेवढ्यात बोटं हलली तर परत धूसर. पहिले सहा तसेच गेले. मग लक्षात आलं की गाठ आवळताना मावशी क्षणभर श्वास धरते आणि तेव्हा बोटंही थांबतात.

"मावशी, मी सांगेन तेव्हा गाठ मार."

"तू सांगून कशी मारू? ती बसंल तेव्हा बसंल."

मग मीच तिच्या श्वासाकडं बघत बसले. अकरा कट्टे झाले. बाराव्याला जमलं.

मोठा करून बघितला. दोऱ्याचा पीळ दिसतोय. हाताच्या चिरा दिसतायत. चष्म्याच्या काचेत ताटाचा पांढरा ठिपका. मागं सगळा अंधार, पण तो अंधारही चांगला आहे, आमच्या खोलीचाच आहे. ती दातात दोरा धरून मान जराशी उजवीकडं झुकवते ना, तशी आई झुकवायची.

मावशीला दाखवला. तिनं कॅमेरा नाकाजवळ नेला, चष्मा वर केला.

"एवढ्या चिरा हायत व्हय?" म्हणाली. मग, "आक्कासारखी दिसतोय न्हवं मी."

"व्हय."

"कुठं लावणार म्हणालीस?"

सगळं सांगितलं. पाहुणे, शालू, पैज लावल्यासारखं बोलणं. वाटलं होतं हसेल. तिनं कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि सुपातली उरलेली तंबाखू डब्यात भरायला लागली.

"त्याला विचार," म्हणाली. "पैजेवर लावू नको. त्याच्या घरात येणार जाणार त्याचे साहेब लोक. त्याला खाली बघाय लागत आसंल तर मी त्या भिंतीवर बसणार न्हाय. तो मनानं लाव म्हणाला तर लाव. न्हाय म्हणाला तरी मला राग न्हाय, पण मला कळव. मी शुक्रवारी जायच्या आधी कळव. तिकडं गेल्यावर वाट बघत बसाय नको."

"आणि न्हाय म्हणाला तर?"

"तर मी बेंगळूरला घेऊन जातो. नातवाला दाखवीन, आजी काय करत होती."

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, तंबाखूचा वास नसलेली. निघताना तिनं शेवटचा कट्टा कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. आमच्या घरात कुणी ओढत नाही हे तिला माहीत आहे. तरी टाकला.

परतीला चारची गाडी मिळाली, उभ्यानं संकेश्वरपर्यंत. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, जागा पाहिजे तर तीनच्या आधी निघा. संकेश्वरला बसायला मिळालं आणि मी तिथूनच रेश्माला फोनवर विचारत विचारत फोटो कॅमेऱ्यातून माझ्या फोनमध्ये घेतला आणि सुधाकरला पाठवला. खाली एवढंच लिहिलं की मावशी विचारतेय. काकती यायच्या आत दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

घरी आल्यावर कॅमेऱ्यातले सगळे फोटो बघितले. एकशे चौदा. कॅलेंडरचा, धुक्याचे, माझ्या स्वतःच्या अंगठ्याचे. रेश्मा म्हणाली खराब आहेत ते काढून टाकते. मी म्हटलं राहू दे. त्यात एक आहे, दार उघडलं तेव्हा चुकून बटण दाबलं गेलेला. वाकडा आहे, धूसर आहे, तंबाखू धुरासारखी उडालीय आणि मावशीचा हात डोळ्यावर. माझी चूक आहे ती, पण त्यात सबंध खोली उजेडात दिसते. तेवढी एकदाच. शुक्रवारनंतर ती खोली कुणालाच दिसणार नाही.

रात्री झोपताना मी सुधाकरचा आवाज आठवत होते. मोठ्या साहेबाचा नाही, सातवीतल्या पोराचा, नाकातून वाचणारा. मला त्याच्याशी भांडायचं होतं म्हणून निपाणीला गेले. परत आले तेव्हा भांडण पिशवीत सापडेना. काळजी सापडली. त्याला खरंच लाज वाटत असेल तर ती कधीपासून वाटतेय, आणि आम्ही त्याच्याभोवती सूप उचलून सरकत होतो तेव्हापासून तर नव्हे, असं वाटायला लागलं. पोराला वाटलं असेल ना, की सगळ्यांचा उजेड मी घेतोय. हे मी त्याला कधी विचारलं नाही.

आज सोमवार. अजून उत्तर नाही.

सुध्या, तू हा ब्लॉग वाचतोस हे मला माहीत आहे, कमेंट टाकत नाहीस एवढंच. फोटो तुझ्या फोनमध्ये आहे. धूसर नाही, हे तुला मान्य करावं लागेल. पण पैज मी सोडली. मी जिंकले म्हणून लावू नकोस. मावशीला पाहिजे तसं मनापासून सांग, हो किंवा नाही. नाही म्हणालास तरी मी घरी येईन, चहा पिईन, त्या शालूवालीलाही नमस्कार करीन. पण मला फोन करू नकोस आणि व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नकोस. मावशीला फोन कर, तुझ्या तोंडानं सांग. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर ती सामान बांधायला बसणार आहे.